भुरीच्या डोक्यावरचा हात

माझ्या शिलाईच्या दुकानाची आणि खुशाल रामटेकेच्या फोटो स्टुडिओची मधली भिंत एकच आहे. मूल या तालुक्याच्या गावातली, बसस्टँडमागची गल्ली. घरंही समोरासमोर, त्यामुळे त्याच्या कुत्र्यांपासून माझी सुटका दुकानातही नाही आणि घरीही नाही. मी नमाज पढणारी बाई. कुत्र्याचं तोंड लागलं की कपडे बदलणं आलं. हे मी खुशालला तोंडावर सांगितलेलं आहे, एकदा नाही, शंभरदा. तो मान खाली घालून "हो भाभी" म्हणतो आणि पुढच्या लग्नाहून आणखी एक घेऊन येतो. पालथ्या घड्यावर पाणी.

लग्नाचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. इकडे सावली, चामोर्शी, कधी पार एटापल्लीपर्यंत जातो. लग्न तिथे पंगत, पंगत तिथे पत्रावळी आणि पत्रावळी तिथे कुत्री. कोणाचा पाय मोडलेला, कोणाला आचाऱ्याने उकळतं पाणी फेकून मारलेलं. सगळे जेवून आपापल्या गाडीत बसतात आणि हा एक हात कॅमेऱ्यावर ठेवून दुसऱ्या हाताने पिल्लू सांभाळत घरी येतो. बुंदीच्या कढईमागे सापडली ती बुंदी. हळदीच्या परातीत पडलं ते हळद्या. एक लंगडा वरातीमागे चालत चालत गावाबाहेर आला, त्याचं नाव नवरदेव. खुशालची बायको नूतन बिचारी रोज पातेलंभर भात शिजवते आणि मला पाहिलं की ओशाळं हसते. माझा नवरा रफीकसुद्धा त्यांनाच सामील. त्याचं बिछायत केंद्र आहे, मंडप आणि खुर्च्या घेऊन तो याच लग्नांना जातो. कित्येक कुत्री आमच्याच टेंपोत, आमच्याच गाद्यांवर बसून मूलला आलेली आहेत.

आता यातली गंमत पाहा. घरी कुत्री पोसणारा हा माणूस स्टुडिओत दिवसभर कुत्रीच पुसतो. खेड्यातल्या लग्नात फोटो काढला आणि मध्ये कुत्रं आलं नाही, असं होतच नाही. मंगलाष्टकं चालली असतात आणि नवरीच्या मागून एक शेपटी निघालेली असते. मग लोक म्हणतात, "भाऊ, कुत्रं काढून टाका." खुशाल कॉम्प्युटरवर बसतो, कुत्र्याच्या जागी मातीचा नाहीतर सतरंजीचा तुकडा आणून लावतो. असं सफाईने करतो, की तिथे कधी काही होतं हे त्याच्या बापालाही कळू नये. मी एकदा चिडवलं होतं, "घरी खाऊ घालता न् इथी पुसता, हा कोणता न्याय जी?" तो हसला. म्हणाला, "भाभी, पोट त्याच्यावरच चालते न."

दोन उन्हाळ्यांपूर्वी सावलीकडच्या एका गावात मुखरूच्या मुलीचं, नंदिनीचं लग्न होतं. मुखरू गावाची ढोरं राखायचा. मंडप आमचाच होता, म्हणून रफीकने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. मुखरू फोटोला उभाच राहीना. "माया कायले फोटो, पोरीचा काढा," म्हणून तो मागे मागे सरकायचा. त्याच्या पायाशी एक भुऱ्या रंगाची कुत्री होती, भुरी. जंगलात ढोरांमागे तीच त्याची सोबतीण. खुशालने तिला पाहिलं आणि बरोबर नस पकडली. म्हणाला, "भाऊ, हिच्यासंग काढू का?" तेव्हा कुठे मुखरू खुर्चीवर बसला. गुलाबी फेटा, कोरं धोतर. उजवा हात त्याने भुरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "दोघाइचा नीट येऊ दे गा."

फोटो नीटच आला. पण नवरदेवाचा बाप बल्लारपूरचा, जरा नाकाने कांदे सोलणारा. अल्बम बनवताना त्याने बजावलं, "आमच्या अल्बमात कुत्रंगित्रं दिसलं नाही पाहिजे." सीझन जोरात होता, पुढची लग्नं डोक्यावर होती. खुशालने सगळ्यांसोबत भुरीलाही पुसलं. अल्बम गेला. कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं केलं, मूळ फोटोही ठेवले नाहीत. तो नेहमीच तसं करतो.

त्याच वर्षी धान कापणीच्या दिवसांत मुखरूला वाघाने मारलं. ढोरं एकटीच गावात पळत आली. भुरी आली नाही. लोक काठ्या आणि डबे घेऊन निघाले ते तिच्या भुंकण्याच्या आवाजावर. वाघ झुडपात, मुखरू गवतात पडलेला आणि ही मध्ये उभी. भुंकून भुंकून तिचा आवाज बसला होता, तरी हटली नाही. ती नसती तर मनकर्णाबाईला नवऱ्याचं तोंडही पाहायला मिळालं नसतं, असं तिथले लोक सांगतात.

मनकर्णा म्हणजे मुखरूची बायको. आमच्याकडे खेड्यात माणूस गेला की भिंतीवरचा फोटो लग्नातूनच काढतात. दुसरा फोटो असतोच कुठे? आधार कार्डावरचा लावला तर नातवंडं घाबरतील. तर मनकर्णाबाई तेरवीच्या आधी स्टुडिओत आली. मी माझं दुकान सोडून तिच्याजवळ जाऊन बसले, कारण अशा वेळी बाईमाणसाने जवळ असावं. खुशालने अल्बमातला तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला.

मुखरू खुर्चीवर बसलेला होता. गुलाबी फेटा, कोरं धोतर. आणि उजवा हात बाजूला, गुडघ्याच्या थोडा वर, हवेत. खाली नुसती माती.

तिने पडद्याजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाली, "हात असा कायच्यावर ठेवला जी यायनं?"

खुशालला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "भुरीच्या डोक्यावर होता बाई. मी काढून टाकलं तिले."

मला वाटलं, ही आता रडेल नाहीतर भांडेल. मी असते तर भांडले असते. तिने फक्त पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाली, "जे शेवटपर्यंत सोडून गेली नाई, तिलेच काढलं का जी भाऊ?"

खुशालने कार्डं शोधली, कॉम्प्युटर धुंडाळला, काही मिळालं नाही. लग्नातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये सगळीकडे नवरा-नवरी. मनकर्णाबाईने स्वतःच सांगितलं की ती तर एकाही फोटोत नाही. फोटोसाठी हाका मारत होते तेव्हा ती मागे चुलीवरच्या भाताच्या गंजाजवळ होती, आणि भात सोडून येणार कशी? शेवटी खुशालने छातीपर्यंतचा फोटो फ्रेम करून दिला. हात दिसत नव्हता. जाताना ती म्हणाली, "हा तेरवीपुरता राहू दे. वर्षश्राद्धाले मले पुरा पायजे. भुरीसंग."

ती तेरवीनंतर बल्लारपूरला लेकीकडे राहायला गेली. एकटी बाई, जंगलाच्या कडेचं घर, दुसरं करणार काय? व्याह्याने बाईला घरात घेतलं, कुत्रीला नाही. भुरी गावातच राहिली आणि रोज त्या गवतातल्या जागेवर जाऊन बसू लागली. जंगलातले गार्ड म्हणाले, अशी बसली तर एक दिवस बिबट उचलून नेईल. हे ऐकलं त्याच दिवशी खुशाल रफीकचा टेंपो घेऊन गेला आणि तिला उचलून आणलं. त्या दिवशी मी कुत्र्यांवरून कुरकुर केली नाही.

भुरी आली, पण कोणाची झाली नाही. नूतनने ताटली पुढे सरकवली की रात्री कधीतरी दोन घास खायची. बाकी वेळ अंगणाच्या कोपऱ्यात, नाक पंजात खुपसून. हळद्या खेळायला गेला, नवरदेव शेजारी जाऊन झोपला. तिने मान वर केली नाही. खुशालला तर तिची मान वर झालेलीच हवी होती. फोटोत ती मुखरूच्या हाताखाली डोकं उचलून बसली होती, तशीच बसलेली भुरी मिळाली, तर तिला त्या हाताखाली परत ठेवता येणार होतं. कॅमेरा समोर आला की ती आणखी खाली बघायची. ज्या माणसाने "वहिनी, जरा इकडे" म्हणत रडत्या नवऱ्या हसवल्या, त्याला एका कुत्रीची मान वर करता येईना. त्याने बिस्किटं दाखवली, शिट्ट्या मारल्या, जमिनीवर पालथा पडून पाहिलं. मी एकदा म्हटलं, "आता फेटा बांधून बसा तिच्यासमोर." तो हसला नाही.

पाऊस येऊन गेला. धानाचे लोंबे भरू लागले, म्हणजे वर्ष होत आलं. रफीक वैतागून म्हणाला, "अरे खुशाल, कोन्तंबी भुरं कुत्रं लाव न. एवढ्या दुनियेत कोन ओळखते?"

खुशालला इतक्या वर्षांत मी कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो ओरडला. "मनकर्णाबाई ओळखन! अन् नाई ओळखलं तरी मी एकदा खोटं केलं, आता दुसऱ्यांदा नाई करत." नंतर रफीकची माफी मागायला तो घरी आला. दोघे चहा पीत बसले. माझा जीव तुटला हो त्याच्यासाठी. माणूस चूक करतो, पण इतकी मनाला लावून घेणारे थोडेच.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मनकर्णाबाई बल्लारपूरहून गावाकडे जाताना मूलला उतरली. फोटो घ्यायला. खुशालच्या हातात फोटो नव्हता. तो तिला घरी घेऊन आला, सांगायला की झालं नाही. मी समोर माझ्या दारात गवार मोडत बसले होते.

ती थकली होती. खांद्यावर मुखरूचा जुना दुपट्टा, त्यानेच घाम पुसत ती अंगणात खुर्चीवर टेकली. खुशाल काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यात भुरी उठली. धावली नाही, भुंकली नाही. हळूहळू चालत आली, दुपट्ट्याचं टोक हुंगलं आणि खुर्चीच्या उजव्या अंगाला जाऊन बसली. मग तिने मान वर केली. मनकर्णाबाईचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. "आली वो माय," ती म्हणाली, "कुठी होती वो," आणि वर्षभर जी बाई रडली नव्हती ती तिथे रडू लागली. भुरीने मान खाली केली नाही.

कॅमेरा नूतनने आणून दिला. खुशालने फोटो काढला. माझ्या परातीतली गवार सगळी खाली सांडलेली मला नंतर दिसली.

मग तो थेट स्टुडिओत गेला, मीही मागोमाग. त्याने मुखरूचा फोटो उघडला, रिकाम्या जागेवर भुरीला आणून बसवलं. बसली, अगदी बरोबर बसली. पण तिच्या डोक्यावर मनकर्णाबाईचा हात होता. सावळा, बारीक, मनगटावर गोंदलेल्या हिरव्या ठिपक्यांचा. मुखरूचा हात टेकायचा तर तो काढायला हवा होता. खुशालने माऊस हातात घेतला. पुसणं म्हणजे त्याचं रोजचं काम, दोन मिनिटांचं. त्याने माऊस सोडून दिला.

"भाभी," तो म्हणाला, "मी आता याच्यातलं काई नाई पुसत."

त्याने मुखरूचा हात मनकर्णाबाईच्या हातावर अलगद ठेवला. बोटांमधून हिरवे ठिपके दिसत होते.

फ्रेम घेऊन आम्ही अंगणात आलो. मनकर्णाबाईने फोटो मांडीवर घेतला. आधी भुरीला पाहिलं. मग नवऱ्याच्या हाताखालचा स्वतःचा हात तिला दिसला आणि तिने आपलं मनगट फोटोशेजारी धरून ठिपके ताडून पाहिले.

"हा तं माया हात होय."

"हो बाई," खुशाल म्हणाला. "नको असन तर..."

"राहू दे." तिने फोटो दुपट्ट्यात गुंडाळून उराशी धरला. "पुऱ्या जन्मात आमचा दोघाइचा एकबी फोटो नव्हता जी."

बस यायला वेळ होता. तेवढा वेळ ती तिथेच बसून राहिली, एक हात फोटोवर आणि एक भुरीच्या डोक्यावर. मी तिच्यासाठी चहा ठेवायला घरात गेले, आणि परत येताना भुरी माझ्या सलवारीला तोंड घासून गेली. मी कपडे बदलले, पण चहा देऊन झाल्यावर.