चौकशीला आलेला माणूस

माझ्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकत नाही, तिने तिथे घरच केलंय. नंदुरबारच्या एका लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते. ‘ताई, मी गोडाला हातसुद्धा लावत नाही,’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याची साखर तीनशेच्या वर निघते. हे रोज बघितल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होईल?

त्यामुळे मंगल कार्यालयाच्या मालकाने आमच्या बँडला कार्यक्रमासाठी हॉल फुकट देतो म्हटलं, तेव्हा माझ्या दोन्ही साथीदारांनी उड्या मारल्या आणि मी विचारलं, ‘का?’ फुकट ते पौष्टिक असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही. लग्नाचे मुहूर्त नव्हते, हॉल रिकामा पडला होता, हे खरं. पण रिकामा हॉल बंद ठेवला तर विजेचं बिल तरी वाचतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आमचा बँड तिघांचा. गिटार वाजवणारा नवापूरचा, त्याच्या घरच्यांचा पोल्ट्रीचा धंदा. ड्रमवाला आमच्याच गावातला, त्याचे वडील आणि काका पत्र्याच्या पेट्या बनवतात, त्यामुळे ठोकण्याचं शिक्षण त्याला घरातच मिळालं. आणि गाणारी मी. गाणारी म्हणजे ओरडणारी. पंक म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, क्लास न लावता केलेलं गाणं. तीन सूर पुरतात, दोन मिनिटांत गाणं संपतं आणि जे बोलायची घरात चोरी असते ते माइकवर बोलता येतं. गाणी माझी, अर्धी मराठीत, अर्धी अहिराणीत. त्यातलं ‘बायोडाटा’ लोकांना जास्त आवडतं. ‘रंग कसा शे?’ असं ड्रमवाला विचारतो आणि मी ओरडते, ‘रंग मन्हा शे, तुले काय?’

कॉलेजात असताना आम्ही दोन कार्यक्रम केले होते. मग लॉकडाऊन आला, मग नोकऱ्या, गिटारवाला सुरतेला कापडाच्या दुकानात गेला, आणि सगळं फोनवर गाणी पाठवण्यापुरतं उरलं. मध्येच माझी आई गेली. गेल्या वर्षी गिटारवाला परत आला आणि आम्ही नवापूरला त्यांच्या शेडमध्ये पुन्हा उभे राहिलो. कोंबड्यांची एक बॅच विकली गेली की शेड धुऊन, चुना मारून काही दिवस रिकामी ठेवतात, तेवढे दिवस आमचे. पहिल्या दिवशी ड्रमचा पहिला ठोका थेट छातीत बसला आणि मला रडू फुटलं. फोनवर ते कधी झालं नव्हतं. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. कुणीतरी आम्हाला नंदुरबारच्या बाहेर बोलवावं. नाशिक म्हणा, पुणे म्हणा, जिथे असली गाणी ऐकायला मुद्दाम लोक येतात, तिथे. एकदा तरी.

घरी मात्र वेगळाच कारभार चालू होता. आई गेल्यापासून घरात आप्पा आणि मी, दोघंच. आप्पा शाळेतून निवृत्त झालेले, गावाकडची शेती बटाईने दिलेली, आणि हातात भरपूर वेळ. त्या वेळात ते माझ्यासाठी स्थळं बघत. त्या महिन्यात सारंगखेड्याकडचं एक स्थळ पक्कं होण्याच्या बेतात होतं. केळीची बागायत, मुलगा इंजिनिअर, आणि ‘मानसं साधी शेतस’, हे आप्पांचं नेहमीचं प्रमाणपत्र. पाहुणे कार्यक्रमानंतरच्या रविवारी येणार होते.

आता आमच्याकडची रीत सांगते. पाहुणे उघड येण्याआधी त्यांचा एक माणूस गुपचूप येऊन जातो. तो शेजारी विचारतो, किराणा दुकानात विचारतो, मुलगी नोकरीला असेल तर तिथे काहीतरी निमित्त काढून बसतो. आमच्या लॅबमध्ये एकदा एक काका माझ्यासाठी थायरॉइड तपासून गेले होते. सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे न कळल्यासारखं करतात, अळीमिळी गुपचिळी.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल फुकट का दिला ते कळलं. मालकाला सत्कार करायचे होते, आणि निवडणूक जवळ आली होती. आम्ही वायरी जोडून तयार, तेवढ्यात स्टेजवर खुर्च्या मांडल्या गेल्या आणि मान्यवर येऊन बसले. मग एकेकाला टोपी, टॉवेल, नारळ. आमच्या गिटारवाल्याला टोपी, ड्रमवाल्याला टोपी, मला ब्लाउजपीस आणि नारळ. मालक माइकवर बोलले, ‘आपल्या मातीतला हा पंख बँड उंच भरारी घेवो!’ ड्रमवाल्याने टोपी काढलीच नाही, तशीच घालून वाजवलं. समोर शे-सव्वाशे माणसं होती, त्यातली निम्मी ऑर्केस्ट्रा समजून आली होती आणि बायका नेहमीसारख्या एका बाजूला बसल्या होत्या.

आणि तिसऱ्या रांगेत आप्पा! मी त्यांना बोलावलं नव्हतं. मला गाताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं, बघायची इच्छाही कधी दाखवली नव्हती. आज हे कसे उगवले? त्यांच्या शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, मांडीवर बॅग. गिटारवाल्याने स्टेजवरून खुणावलं, हाच माणूस सकाळी चहाच्या टपरीवर त्याला विचारत होता, गाणारी कोनी आंडेर शे, नोकरी करते का, लग्न झालंय का. गिटारवाल्याने मला हसत हसत सांगितलं होतं. मी हसले नव्हते. ‘कोनी आंडेर’, म्हणजे कुणाची मुलगी, असं विचारणारा माणूस आमच्याकडे एकाच कामासाठी फिरतो.

आप्पा त्याला चहा देत होते. मग भजी. मग पाणी. जावयाच्या बापाची करावी तशी सरबराई चालली होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघायलाच आलाय ना, मग नीट बघ! बायोडाटा मी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा स्टेजवरून खाली उतरून, बरोबर त्याच्यासमोर उभी राहून. ‘रंग मन्हा शे, तुले काय?’ घसा फाटेस्तोवर ओरडले. बायकांच्या बाजूने टाळ्या वाजल्या. कॉलेजची पोरं खुर्च्या सारून नाचायला लागली. तो माणूस मोबाईल वर धरून शूटिंग करत होता आणि चक्क हसत होता. कसला कोडगा माणूस, मला वाटलं. कार्यक्रम संपताच तो आम्हाला न भेटता निघून गेला.

स्कूटीवर मागे बसलेल्या आप्पांना मी विचारलं, ‘कोण होता तो?’

‘व्हता एक. चांगला मानूस शे,’ ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

रविवारी सारंगखेड्याचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई गोड हसून म्हणाली, ‘तुला काय विचारायचं असेल ते विचार हो बाई.’ आता मला गप्प बसता येतं का? मी म्हटलं, ‘तुमच्या माणसाने कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला असेलच. गाणं आवडलं का?’

‘कोणता माणूस? कसला कार्यक्रम?’ त्या खरोखरच गोंधळल्या. मुलाने तिथल्या तिथे मोबाईल काढला, शोधलं, आणि माझाच आवाज आमच्या बैठकीत घुमला. ओ माय! मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. ‘कळवतो’ म्हणून मंडळी गेली आणि त्यांनी अजूनपर्यंत कळवलेलं नाही. आप्पांनी मला एक शब्द सुनावला नाही. तेही मला खटकलं. एरवी दुधाचं पातेलं उघडं राहिलं तरी अर्धा तास बोलणारा माणूस!

पण मग पांढऱ्या शर्टवाला कोण होता, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर चार दिवसांनी आपण होऊन आलं. आप्पा पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते, मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि फोन वाजला. बोलणारा मूळ धुळ्याकडचा, आता नाशिकला राहणारा. नव्या बँडचे कार्यक्रम घेतो म्हणाला, एका जुन्या गोडाऊनमध्ये, महिन्यातून एकदा. आमचा नंबर गिटारवाल्याकडून घेतला होता; टपरीवर नोकरी, लग्न विचारलं तेही बाहेरगावी यायला जमेल का बघायला, म्हणाला.

‘तुमचा बँड मला नाशिकला हवाय,’ तो म्हणाला. ‘म्हणून विचारतो, तुमच्या जागी आता कोण गाणार?’

‘माझ्या जागी का?’

‘तुमचे वडील म्हणाले ना, लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यापासून गाणं बंद. हे शेवटचंच होतं. तेव्हा म्हटलं तुम्हाला भेटून उगाच कशाला त्रास द्यायचा. पण व्हिडिओ डोक्यातून जाईना.’

मला इतकं हसू आलं की घडी हातातून सुटली. सगळा उलगडा झाला. तुम्ही पाहुण्यांकडचा माणूस आहात असं आप्पांना वाटलं, मी त्याला म्हटलं, आणि मलाही तेच वाटलं. तुम्ही मुलीची चौकशी करायला आलात असं समजून त्यांनी मला गरीब गाय करून सांगितलं आणि मी तुम्हाला पळवून लावायला ओरडले! आम्हा बापलेकीला एकच रोग आहे हो!

तोही हसला. पण मग थांबला. ‘असं कसं वाटेल त्यांना? मी शेजारी बसलो तेव्हाच सांगितलं की मी नाशिकहून कार्यक्रमासाठी बँड बघायला आलोय. मागच्या कार्यक्रमाचं पोस्टर दाखवलं मोबाईलवर. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.’

‘दोन मिनिटांत फोन करते,’ मी म्हणाले.

साऱ्या गावावर संशय घेतला, मंगल कार्यालयाच्या मालकावर, टपरीवरच्या माणसावर, केळीवाल्या पाहुण्यांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आप्पांनी शेंगा सोलणं थांबवलं नव्हतं, पण दाणे टरफलांत पडत होते.

‘आप्पा, तो कोण आहे हे तुम्हाला माहीत होतं.’

ते काहीतरी जुळवाजुळव करतील असं वाटलं होतं. त्यांनी केली नाही. ‘म्हाइत व्हतं,’ ते म्हणाले.

माझा राग उसळला. ‘मला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती, आणि ती द्यायला आलेल्या माणसाला तुम्ही भजी खाऊ घालून परत पाठवलंत? माझं गाणं इतकं वाईट वाटलं तुम्हाला?’

‘वाईट कोन म्हने?’ त्यांचा आवाज एकदम चढला. ‘तुले दखं तिठे. लोके नाचेत. मी बी टाळ्या वाजाड्या. तवयच मले समजनं, हाई पोर आते आठे ऱ्हावाव नही.’

‘मग लग्न करून तरी मी कुठे इथे राहणार होते?’

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. ‘लगन करीसन गयी ते आंडेर आखाजीले माहेर येस. तुनी माय बी दरसाल जाये, कितलं बी काम ऱ्हावो. गाना म्हनाले गयी ते कसाले येशी? कोन धाडी तुले?’

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींचा माहेरी यायचा सण. मला बोलायला बरंच होतं. इतकं की त्याची दोन गाणी झाली असती. पण त्यांनी चष्मा काढला होता आणि बिनचष्म्याचे आप्पा फार म्हातारे दिसतात. मी फोन उचलला, त्यांच्यासमोरच लावला, आणि नाशिकच्या माणसाला सांगितलं की माझं लग्नबिग्न काही ठरलेलं नाही, गाणार मीच, तारीख कळवा. आप्पांनी सगळं ऐकलं.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, ‘मी आखाजीले येसू, आप्पा. दरसाल.’

‘येशी?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. खरं सांगायचं तर माझाही बसला नव्हता.