मैनाबाईच्या पायावरचं लेकरू

ढाणकीजवळच्या त्या गल्लीत लेकरू सव्वा महिन्याचं झालं की बाया ते मैनाबाईच्या ओसरीवर आणून ठेवत. ती पाय लांब करून बसायची, पावलांच्या मधल्या फटीवर लेकरू टेकवायची अन् ‘सूऽ सूऽ’ करायची. लेकराच्या कपाळाला आठी पडली, पाय आखडले, की तिला आधीच उमगायचं. तिच्या हातचं लेकरू लंगोट ओला करत नाही, असं नाव होतं.

“मैने, तुह्या तोंडात नळाची तोटी हाय का व?” शेजारची मानीबाई म्हणायची.

मैनाबाई वरून तोंड वाकडं करायची, पण आतून सुखावायची. नवरा गेला, गुडघे गेले, घराचा कारभार सुनेच्या हाती गेला. नाव म्हणून एवढंच उरलं होतं.

नातू ओम वर्षाचा. सून निकिता दिवसभर कापूस वेचून दमायची, म्हणून तो आजीच्याच कुशीत निजायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी गोधडी ओली निघाली. ओमचा लंगोट कोरडा ठक्क होता. मैनाबाईनं आपलं लुगडं चाचपलं. तेच ओलं होतं. निकिता उठायच्या आत तिनं गडव्यातलं पाणी ओमच्या लंगोटावर ओतलं.

“आज पोट्ट्यानं दगा देल्ला,” ती म्हणाली.

“देऊ द्या आई, लेकरूच हाय.”

मग ते घडतच राहिलं. दर खेपेला गडव्यातलं पाणी अन् ओमचं नाव. थंडीचे दिवस. ओमचं नाक वाहू लागलं, छाती घरघरू लागली. निकितानं नवऱ्याला, शामला, बाजारातून डायपर आणायला लावले.

“ढुंगणाले हे गाठोडं कायले बांधतं? त्याले सवय हाय,” मैनाबाई कळवळून म्हणाली.

“सवय असती तं गोधडी काहून भिजली असती, आई?”

मानीबाई तिथंच तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. तिच्यासमोर मैनाबाईला खरं सांगता येईना. मग तिला वाटलं, आता ओम कोरडा अन् गोधडी ओली निघाली तर?

“आजपासून तुह्याजवळच निजव त्याले,” ती सुनेला म्हणाली.

“रुसल्या का?”

“हो. रुसली.”

तेव्हापासून ती एकटीच निजते. उजाडायच्या आधी उठून गोधडी न्हाणीत धुते, मागच्या काटेरी कुंपणावर वाळत घालते. रुसव्याचं नाव तिनं सांभाळून ठेवलंय.

सुरुवातीला ओमच्या कपाळाला आठी पडायची, तो आजीकडे हात करायचा. हळूहळू ते थांबलं.

परवा निकिता वावरात गेल्यावर मैनाबाईनं त्याचा डायपर सोडला, त्याला पायावर घेतलं. ‘सूऽ सूऽ’ केलं. ओम हसला. तिचं नाक धरलं, गळ्यातली माळ ओढली. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तरी ती करतच राहिली. पायांना मुंग्या आल्या तेव्हा तिनं डायपर पुन्हा बांधला अन् त्याला मांडीवर घेतलं.

घडीभरानं डायपर हाताला जड लागला, कोमट लागला. ओम खेळतच होता. कपाळावर आठी नव्हती.