धुवून नेलेले पाय

माझे पाय काळे आहेत. मी फौंड्रीत लोखंड ओततो; तिथल्या साच्याची काळी वाळू बुटात शिरते, घामानं भिजते आणि टाचेच्या भेगांत जाऊन बसते. बारा वर्षं बसलीय. साबणानं ती जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा राग त्यावरून आहे.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना असते. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे आमचे पाळक मंडळीतल्या बारा जणांचे धुतात. बारांत बहुतेक चर्चचा कारभार बघणारे पंच, मास्तर, बँकेतली माणसं. गेल्या वर्षी आदल्या रविवारी त्या यादीत पाळकांनी माझं नाव वाचलं. मी जालन्याकडचा, पोटासाठी इकडं आलेला, सातवीत शाळा सुटलेला. माझ्याच नावाचा दुसरा कुणी असेल म्हणून मी मागं वळून बघितलं.

उपासना सुटली आणि चपला घालताना एका पंचांनी गाठलं.

"पावणं, गुरुवारी तुम्ही बारांत हाय न्हवं?"

"हो, काका."

"मग पाय जरा घासून या की. न्हायतर लोक म्हणतील, रस्त्यावरचा डांबरवाला धरून आणलाय."

चारजण हसले. मीही हसलो. त्यांचं हसणं मी कधीच सोडून दिलं असतं, माझं सोडवत नाही. बारा वर्षं एकाच बाकावर बसतो आणि अजून पावणंच!

गुरुवारी अर्धी रजा टाकली. उचगावच्या खोलीबाहेरच्या नळावर बसून पाय आधी डिझेलनं पुसले, मग कपड्याच्या साबणानं, मग विटकरीच्या तुकड्यानं घासले. कातडं निघालं, काळं निघेना. प्रभूच्या नावानं पाय धुतले जाणार म्हणून मी आधी पाय धूत बसलो होतो, आणि यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही. भीती एकच, यादीतून नाव काढतील. शाळेच्या पटावरून नाव कमी झालं तेव्हाही कुणी मला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बारा खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या शेजारी तेच काका. त्यांच्या पायांना पावडरचा वास येत होता. पाळक एकेक करत माझ्यापाशी आले, दुखरा गुडघा टेकला आणि माझा पाय परातीत घेतला. पाणी लागलं तसा मी कळवळलो.

"काय रे हे?"

"घासले, पाळकसाहेब."

"कशानं?"

"विटकरीनं."

"कुणी सांगितलं?"

काकांनी पाय खुर्चीखाली ओढले.

"धुवूनच येणार हुतास, तर मी गुडघं मोडून हितं कशाला बसलोय?"

पाळकांचा आवाज मुळात मोठा. मागच्या बाकापर्यंत गेला. ते रागावले होते, पण पाय त्यांनी सोडला नाही. दोन्ही हातांत धरून, सोललेल्या जागा चुकवत टॉवेलानं टिपला. नव्यानं आलो तेव्हा मला कावीळ झाली होती, तेव्हा यांच्याच घरातून आठवडाभर मऊ भात आला होता. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं, तू कितवी शिकलास.

एवढं घासूनही परातीतलं पाणी काळं झालं. एक ताई उठल्या, "बदलू का?"

"ऱ्हाऊ दे," पाळक म्हणाले, आणि परात शेजारी सरकवली. काकांचे पावडर लावलेले पाय माझ्या पाण्यात बुडाले. मला आनंद झाला. चर्चमध्ये असा आनंद होऊ नये, पण झाला.

राग मात्र गेला नाही. काकांवरचा कमी झालाय, स्वतःवरचा वाढलाय. देव माझ्यावर प्रीती करतो हे मी दर रविवारी ऐकत होतो आणि दारातल्या एका वाक्यापुढं ते सगळं विसरलो. शिष्यांचे पाय त्या संध्याकाळी मळलेलेच होते. म्हणून तर प्रभू वाकला. त्यानं त्यांना आधी धुवून या म्हणून परत पाठवलं नाही. मग मला पाठवणारे हे कोण? आणि मुकाट्यानं जाणारा मी तरी कोण?

यंदा पुन्हा नाव वाचलं. दारात काका होतेच.

"पावणं, गुरुवारी..."

"दिवसपाळी आहे, काका. फौंड्रीतून तसाच येणार."

ते काहीतरी पुटपुटले, मी थांबलो नाही.

गुरुवारी तसाच गेलो. हात तेवढे धुतले होते, गीतांचं पुस्तक धरायचं होतं म्हणून.