माझं दूध

बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत डबी बेसिनात उपडी केली. वरून नळ सोडला. मग हात धुतले. साबण लावून.

त्या डबीत माझं दूध व्हतं. माझ्या तान्ह्या लेकीचं.

लोणावळ्याच्या त्या बाईंच्या बंगल्यावर मी सैपाकाला व्हते. बेडशाहून सकाळी निघायची, दिस मावळता घरी. लेक सासूपाशी. दुपारपत्तुर छाती दगडावानी व्हायची. गावातल्या सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी शिकवलं व्हतं, हात धुवून दूध पिळून काढायचं, झाकण लावून फ्रीजमधी गार ठेवायचं. घरी नेऊन शेजारणीच्या फ्रीजमधी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सासूनं वाटी-चमच्यानं पाजायचं. सहा महिने वरचं काय बी न्हाई. पाणी बी न्हाई.

थोरलीच्या येळी हे सांगायला कुणी नव्हतं. तवा पवनानगरला एका हाटेलात भांडी घासायची. मालकानं मधी घरी सोडलं न्हाई. माझं दूध आटलं. पोरीला बाटली लावली, जुलाब लागले. गेली. अजून कुटं तान्हं रडलं की आधी तीच ऐकू येती.

बाई म्हणाल्या, "आमचं खाणं असतं या फ्रीजमध्ये. असलं काही ठेवायचं नाही. किळस येते."

खालच्या कप्प्यात त्यांच्या कुत्र्यासाठी आणलेलं मटण व्हतं. ते तसंच राहिलं.

मी पोळ्या लाटायला लागले. पाहुणे बाहेर हसत व्हते. तेवढ्यात कुणाचं तरी बाळ रडलं. मला वाटलं, थोरलीच. छातीतून दूध वाहायला लागलं. ब्लाउज भिजला, पदर भिजला. बाई आत आल्या, बघितलं, म्हणाल्या, पाहुण्यांसमोर अशी येऊ नकोस, वाढायचं दुसरं कुणी बघंल.

मी गॅस बंद केला. म्हणाले, "बाई, उद्यापासून लेक संगं आणणार. हितं बसून पाजणार."

त्या म्हणाल्या, "मग येऊच नकोस."

तवा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. "एक लेक अशाच कामापायी गेली माझी. दुसरी न्हाई द्यायची."

पोळपाटावर पोळी अर्धी लाटलेली व्हती. तशीच ठेवून निघाले. गावाकडच्या जीपमधी बसले. घरी पोचले, पाय बी धुतले न्हाईत, लेकीला जवळ घेतलं. ती पीत ऱ्हायली. मी मातुर थोरलीचंच नाव घेत व्हते.

काम सुटलं. घरात वढाताण झाली, नवरा चिडला. पण धाकटीला सहा महिने माझ्या दुधाबिगर काय लागलं न्हाई.

आता आमच्याकडची कुणी बाळंतीण कामाला निघाली की आमी चौघीजणी तिच्या संगं जातो. बंगल्याच्या फाटकात उभं ऱ्हाऊन आधीच सांगतो. लेकरू संगं राहील. ती पाजंल. लेकराला घरी सोडून ये म्हणलात, तर आमच्यातली एक बी बाई तुमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाई.