नावाडी मेला की नाही

कंपनीत तिला सगळे हरकतबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिचं कामच ते होतं. एकाच व्हिडिओ गेमचे आठ भाग, एकोणीस वर्षं, दोनशेच्या वर पात्रं. कोण कुणाचा भाऊ, कुणाचा कुठला डोळा गेला, कोण कितव्या भागात मेलं, याची सगळी नोंद तिच्याकडे. तिची सही झाल्याशिवाय एकही संवाद रेकॉर्डिंगला जात नसे. ती दिसली की लेखक मंडळी कपाळाला हात लावत. घरी नवरा म्हणायचा, "आपल्या लग्नाची तारीख विसरतेस आणि त्या कुठल्या राणीच्या घोड्याचं नाव बरं पाठ असतं!" यात काही खोटं नव्हतं.

नववा भाग नव्या दिग्दर्शकाच्या हाती गेला. माणूस हुशार, पण भलताच उतावळा. त्याला नावाडी परत हवा होता. नावाडी म्हणजे खेळणाऱ्यांच्या गळ्यातला ताईत, आणि तो तर तिसऱ्या भागात मेलेला. हरकतबाईने सही करायला साफ नकार दिला.

"मागचंच सांभाळत बसलो तर पुढची गोष्ट सांगायची कधी?" तो भर बैठकीत कडाडला. "उद्या अकरा वाजता दाखवा कुठे मेलाय ते. नुसती नोंद नको, गेममध्ये दाखवा. एक चूक निघाली, तर हे सहीचं प्रकरणच बंद."

सहीचं प्रकरण बंद म्हणजे तिची नोकरी बंद. हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

सकाळी आठलाच येऊन तिने तिसरा भाग लावला. नाव फुटली, नावाडी पाण्यात पडला, पाणी शांत झालं. आता अंत्यविधीचा सीन. तो आलाच नाही. एकदम पुढचं शहर सुरू झालं. तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच.

मग आठवलं. भाग लांबतोय म्हणून तो सीन शेवटच्या आठवड्यात कापला होता. नोंद तिने आधीच संहितेवरून करून ठेवली होती. तेव्हा घरात दोन महिन्यांची लेक, झोपेचं खोबरं झालेलं. नोंद बदलायची राहून गेली, आणि पुढचे पाच भाग सगळ्यांनी तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवून लिहिले.

हे आता दुसऱ्या कुणाच्याच लक्षात नव्हतं. प्रेत वाहून गेलं असं ठोकून दिलं असतं, तरी खपलं असतं. घड्याळात साडेनऊ. काय करावं सुचेना, म्हणून तिने पुढचे भाग उघडले. नावाड्याची मुलगी चौथ्या भागात दहा वर्षांची, रोज नदीकाठी जाऊन बसणारी. सहाव्यात बापाचं वल्हं विकून पोट भरणारी. आठव्यात स्वतः आई झालेली, आणि तरीही रडणारी. हरकतबाईला त्या नावाड्याचा असा राग आला की स्वतःची भीती बाजूलाच राहिली.

अकरा वाजता ती उभी राहून म्हणाली, "चूक माझी आहे. तो मेलेला कुठेच दाखवलेला नाही."

दिग्दर्शकाने टेबलावर थाप मारली. "झालं तर मग!"

"झालं कसं? तो जिवंत असेल, तर मुलगी पाच भाग रडत होती तेव्हा हा कुठे होता? माझ्या नोंदीतली ओळ मी खोडते. तिचं रडणं लोकांनी पाहिलंय. ते कोण खोडणार?"

"त्याची स्मृती गेली असं दाखवू."

"ते पाचव्या भागात वापरून झालंय," जुना लेखक पुटपुटला. कुणीतरी हसलं. दिग्दर्शक हसला नाही.

"म्हणजे तो तिला टाकून गेला," तो म्हणाला.

"हो."

"मग तो दारात आल्यावर ती काय म्हणेल?" दिग्दर्शकाने विचारलं.

त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "तुम्हीच लिहा. नोकरीचं नंतर बघू."

एकोणीस वर्षं तिने इतरांच्या ओळी खोडल्या होत्या, स्वतःची एकही लिहिली नव्हती. तिने लिहिलं: मुलगी दार उघडते. म्हाताऱ्याकडे बघत राहते. आतून पोर विचारतं, कोण आहे गं आई?

"कुणी नाही रे. पत्ता चुकलाय त्यांचा."