मीठ कोठीत कशाला?

आमची वहिनी म्हणजे अफाट बाई! औषधांच्या कंपनीत कुठला डेपो ठेवायचा आणि कुठला बंद करायचा, हे ठरवायचं तिचं काम. घरात आम्ही तिला 'डेपोमास्तर' म्हणून चिडवायचो. या वेळी मात्र चेष्टा अंगाशी आली. साहेबांनी खर्च कमी करायला सांगितला आणि सगळ्यांत महाग निघाला तो डोंगरातला लहान डेपो. तो सांभाळत होते माझे बाबा, म्हणजे तिचे सासरेच!

बंद केला तर बाबा घरी बसणार. ठेवला तर सुनेनं सासऱ्यांना पाठीशी घातलं म्हणून कंपनीभर बोभाटा. शिवाय तिथल्या हॉस्पिटलला अडीनडीला औषध लागलं, तर खालून गाडी चढेपर्यंत पेशंटनं काय करायचं? बाबांनी तर अबोलाच धरला. ती समोर असताना मला म्हणायचे, "हिला सांग, पाणी दे." दादा खाली मान घालून जेवायचा, भित्रा कुठला!

रविवारी वहिनी नकाशापुढे डोकं धरून बसली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ओटा मोकळा दिसावा म्हणून मी हौसेनं सगळं कोठीत नेऊन ठेवलं होतं ना! "अगं, पिठाचा डबा ने की खुशाल! मीठ कशाला नेलंस? चिमूटभर मिठासाठी कोठीत पळू का मी?"

वहिनी ताडकन उठली. "आई, परत बोला!"

आईला वाटलं, सून उलटून बोलतेय. "बोलेन की! घाबरते काय कुणाला?"

वहिनीनं तिला मिठीच मारली.

मग काय विचारता! टॉनिकची खोकी, मोठाल्या पेट्या सगळ्या खालच्या डेपोत. डोंगरात फक्त तातडीची औषधं. इमारत सोडायची, एकच खोली ठेवायची. भाडं वाचलं, हॉस्पिटलचीही सोय झाली.

साहेबांनी खवचटपणे विचारलंच, "खोली सासऱ्यांसाठी का?"

"खोली पेशंटसाठी, साहेब. तिथं माणूस कोण ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. मी त्यात नाही."

साहेबांचा फोन थेट बाबांना आला, नेमका जेवणाच्या वेळी. आम्ही सगळे कान टवकारून! बाबा नुसतं "हो, हो" करत राहिले. "खोली माझ्याकडेच," एवढंच बोलून ताटावर बसले. एक घास घेतला आणि थांबले. आता 'हिला सांग' म्हणणार म्हणून मी तयारच होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मीठ कमी आहे गं."

बरणी तिच्या हाताशीच होती, पण डोळे इतके भरले होते की तिला ती दिसेचना. शेवटी मीच उचलून दिली.