आमचे डॉक्टर गावाला गेले

परळच्या रुग्णालयात एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरून मोठे डॉक्टर म्हणाले, “प्लुरल इफ्यूजन.” म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात साचलेले पाणी, मूळ क्षयाचे. महिनाभराचा ताप आणि डाव्या कुशीतील कळ मी अंगावर काढली होती.

सुईने पाणी काढले. अकरा दिवस खाटेवर. पुढे तीन महिने स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाचे जंतू मारणारे इंजेक्शन, रोज एक. ते द्यायला गिरगावातील आमच्या खोलीवर डॉक्टर साने येत. वय अठ्ठावीस, हात हलका.

त्यांनाच आमच्या गावाने मागितले. गावच्या मुंबईकर मंडळाने त्यांना तेथे दोन खोल्यांचे घर देऊ केले. साने त्यासाठी सायंकाळी परळला बाळंतपणे आणि सर्पदंशावरील उपचार शिकत होते. त्यांची अट एकच: हाती घेतलेला रोगी बरा झाला की निघेन. तो रोगी मी.

तीन महिने संपले. कळ थांबली. “अजून दुखते,” असे मी सांगत राहिलो. डॉक्टर छाती ठोकून पाहत, कपाळाला आठी घालत आणि जाणे पुढे ढकलीत. गावच्या ज्या लोकांनी त्यांना पाहिलेही नव्हते, त्यांचा मला हेवा वाटे.

धाकटा भाऊ वासुदेव गावाहून आला.

“नाना, तुमच्या गिरगावात जिन्याजिन्याक डॉक्टर. आमका एक दिलात तर तुमचा काय जाता?”

“दुखणे माझे आहे.”

“संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत गळो फोडून ओरडलात. आता गावाक डॉक्टर देताना धाप लागता?”

मग तो हळू बोलला. त्याच्या सुनेला आठवा लागला होता. पहिल्या खेपेस ती अडली, मूल गेले. डॉक्टर खाडीपलीकडे होता आणि होडी सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साने आले. “मोठा श्वास घ्या. दुखते?”

“नाही.”

“काल दुखत होते.”

“पंधरा दिवस दुखत नाही. खोटे बोललो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “एवढ्या सुया टोचल्या, तेव्हा हूं की चूं केले नाहीत. बरे झालात आणि कण्हायला लागलात, नाना!”

त्याच आठवड्यात ते गेले.

हे दुखणे ज्यांना येईल, त्यांनी कळ लपवू नये. थांबलेली कळही लपवू नये.

पुढे पत्र आले. नात झाली. मूल आडवे होते. सान्यांनी दोघींना वाचवले. डॉक्टर रोज आमच्या घरच्या ओटीवर चहाला बसतात, असेही वासुदेवाने लिहिले आहे. ते वाक्य मला अजून सहन होत नाही.

सान्यांचा मी ऋणी आहे. समोर सांगितले नाही, येथे लिहितो.